स्वतःहून

१ सप्टेंबर, रविवार

"ही दुसऱ्याचं वाक्य पुरं करते, ताट रिकामं दिसलं की वाढल्यासारखं." लग्नाला तीन-चार महिने झाले असतील, तेव्हा सासूबाई शेजारणीला हे म्हणाल्या होत्या, मला ऐकू जाईल अशा बेताने. मी आठ दिवस फुगून बसले. नंतर मात्र मला ते कौतुकच वाटू लागलं. उपाशी माणसाला वाढण्यात वाईट काय आहे?

आज तेवीस वर्षांनी ते आठवलं, कारण घर इतकं गप्प झालंय की जुनी वाक्यंसुद्धा ऐकू येतात.

सतरा जुलैला सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता सर एका बाजूला कलले. (मी ह्यांना सरच म्हणते. लग्नानंतर काय हाक मारावी ते ठरेना, मग शाळेतली मुलं म्हणत तेच तोंडात बसलं.) डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडली, उजव्या अंगाला आणि बोलण्याला धक्का बसलाय. पाय बराचसा परत आला. हात अर्धा आला. बोलणं आलं नाही. सगळं कळतं त्यांना, पण तोंडातून एकच शब्द निघतो, 'बरं'. चहा हवा तरी बरं, नको तरी बरं. पंखा लाव, पाठ दुखते, तू जरा गप्प बस, सगळ्याला बरं. लेक वसतिगृहातून धावत आली होती. ती म्हणाली, "आई, शेवटी तुला हवा होता तसा नवरा मिळाला." आम्ही तिघंही हसलो. सर सगळ्यांत जास्त हसले, आणि हसणं कुठे संपलं न् रडणं कुठे सुरू झालं ते त्यांनाही कळलं नसावं.

परवापासून वाचा-उपचार केंद्रात जागा मिळाली आहे. मंगळवार आणि शुक्रवार. बारा आठवडे ठेवतात, पण आठव्या आठवड्यात तपासणी असते. तोवर पेशंटला स्वतःचे दहा शब्द आले नसतील तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. घरी करायचे व्यायाम कागदावर लिहून देतात आणि निरोप देतात. यादी लांब आहे. आम्हालाच सहा आठवडे थांबावं लागलं.

दहा शब्द. एवढंच तर.

३ सप्टेंबर, मंगळवार

थेरपिस्ट लहान आहे, पंचवीस-सव्विसाची असेल. मला काकू म्हणते, सरांना सर. तिने विचारलं, "सर शिकवायचे काय?"

"इंग्रजी. नवशिक्यांना." मी म्हटलं. "सात-आठ वर्षांच्या मुलांना. तीस वर्षं."

"म्हणजे कॅट, बॅट, मॅट?"

"बरं," सर म्हणाले, आणि हसले.

ती खुर्ची पुढे ओढून बसली. म्हणाली, वर्षानुवर्षं रोज म्हटलेले शब्द खोल बसलेले असतात. शिवाय हे शब्द आखूड, एका झटक्यात सुटणारे. तेच घेऊन बघू. सरांनी वर्गासाठी काही केलेलं असेल तर आणा.

केलेलं आहे ना. कपाटात पाच पुड्या आहेत, रबराने बांधलेल्या. जुन्या दिनदर्शिकांच्या पाठीच्या पुठ्ठ्याची कार्डं. ए, ई, आय, ओ, यू, एका स्वराची एक पुडी. कार्डाच्या पुढे तीन अक्षरी शब्द, मधला स्वर लाल, कडेची दोन अक्षरं काळी. मागे आपल्या भाषेत अर्थ.

पद्धत अशी. कार्ड पालथं ठेवायचं. मी मागचा अर्थ वाचायचा. सरांनी शब्द म्हणायचा. मध्ये मनात दहा आकडे मोजायचे, घाई करायची नाही. नाहीच आला तर पहिला आवाज द्यायचा. मग तक्त्यात खूण करायची. तक्त्याला दोन रकाने आहेत, 'स्वतःहून' आणि 'मदतीने'. एका स्वराला दोन आठवडे. पुढची पुडी आधी उघडायची नाही.

तक्ता थेरपिस्टसाठी. ही वही माझ्यासाठी.

६ सप्टेंबर, शुक्रवार

एची पुडी वाचताना आज हात थांबला. हे अर्थ मी कधी वाचलेच नव्हते. एवढी वर्षं कपाट पुसताना पुड्या उचलून परत ठेवल्या, बस्स.

कॅट: मांजर. बोलावलं तर येत नाही.
हॅट: टोपी. आधी डोकं लागतं.
मॅप: नकाशा. जागेवर बसून लांब जाण्याची सोय.
सॅड: दुःखी. उदाहरणार्थ, सोमवारची प्रार्थना.
बॅड: वाईट. पण दुरुस्त होण्याजोगं.

हा त्यांचा आवाज. मी तो वाचत होते आणि आवाजाचा मालक समोर बसून माझ्याकडे बघत होता. शब्द एकही आला नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

माझं इंग्रजी कच्चं आहे. मी बसस्थानकात चौकशीच्या खिडकीवर असते. तिथे लागतं तेवढंच येतं. कार्ड पालथं असल्यामुळे शब्द मलाही पाठ हवा, म्हणून पाळीवर जमेल तसं घोकते. शेजारच्या खिडकीवरचा पासवाला म्हणाला, "ताई, परीक्षा आहे का?"

"आहे. नवऱ्याची."

"मग तुम्ही कशाला अभ्यास करताय?"

तेवढ्यात एक म्हातारा खिडकीशी आला. "अहो, ती साडेचारची..." एवढं म्हणाला आणि मी "सहा नंबर फलाट, वीस मिनिटं उशीर" सांगून मोकळी झाले. मागे रांग होती. म्हातारा तिथेच उभा. मग म्हणाला, "साडेचारची रद्द झाली असं कळलं, तर तिचंच तिकीट साडेपाचला चालेल का, असं विचारायचं होतं." रांगेतले हसले. एकोणीस वर्षं मी त्या खिडकीवर आहे. दिवसाला एखादा असा निघणारच.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आला. पहिला शब्द आला.

संध्याकाळी, जेवायच्या टेबलाशी. 'टोपी. आधी डोकं लागतं.' मी वाचलं आणि मोजू लागले. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे डोळे असे झाले होते, पाण्यात पडलेलं काहीतरी शोधावं तसे. आणि मग एकदम "हॅट". स्वच्छ. मागे शाळेच्या व्हरांड्यातून ऐकू यायचा तसाच.

मी उठून त्यांना धरलं. ते "बरं बरं" करत राहिले.

खरं लिहायचं तर मोजता मोजता माझं तोंड आपोआप उघडलं होतं. 'ॲ'ला जबडा खाली जातो तसं. पण मी आवाज काढला नाही. पहिला आवाज दिला तर मदत, असं तिने सांगितलंय. मी आवाज दिला नाही. 'स्वतःहून'मध्ये खूण केली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

केंद्राच्या बाकावर एक बाई भेटली. तिच्या नवऱ्याचं कपडे शिवायचं दुकान आहे. त्यालाही सरांसारखंच झालंय, फक्त जून महिन्यात; केंद्रात नाव मात्र आमच्यानंतर घातलं. यादीत तो पहिला आहे, म्हणजे ज्याची जागा सुटेल त्याच्यानंतर तो.

"तुमचे काहीतरी बोलतात का?" तिने विचारलं.

"एकच शब्द. बरं."

"नशीबवान. आमचा फक्त शिव्या देतो. त्या मात्र एकही अडखळत नाही, आईवरून, बापावरून, सगळ्या. परवा बहिणीकडचे पाहुणे आले, त्यांचं स्वागत केलंन. मी म्हटलं, आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नका. पाहुणी म्हणते, ओळखून दिल्या की चुकून?" हसता हसता तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "दर मंगळवारी येऊन विचारते, जागा झाली का. तुमची कधी सुटेल हो?"

मी म्हटलं, "आमचे सुधारताहेत."

ती म्हणाली, "बरं झालं." मला वाटतं, तिने ते मनापासून म्हटलं. मला मात्र पिशवीतला तक्ता जड झाल्यासारखा वाटला.

२२ सप्टेंबर, रविवार

ईची पुडी. बेड, पेन, टेन, वेट, लेग.

पेन: लेखणी. माझी परत करा.
टेन: दहा. बोटं इथे संपतात.

दहा आकडे मोजणं फार अवघड आहे. समोरचं माणूस घाबरलेल्या मुलासारखं बघतंय, कपाळावर घाम आहे, आणि आपल्याला उत्तर माहीत आहे. मी सहापर्यंत जाते. कधी पाचपर्यंत. मग ओठ हलतात. आवाज नाही, फक्त आकार. 'ई'ची कार्डं असली की जीभ खालच्या दातांना लागते आणि गाल थोडे मागे ओढले जातात. तेवढं दिसलं की त्यांना शब्द सापडतो. आज पाच सापडले.

पाचही 'स्वतःहून'.

मनाला विचारलं, हे बरोबर आहे का. मन म्हणालं, तू मुकाट बसलीस की नाही? मुकाट तर बसले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

थेरपिस्ट खूश. "काकू, घरचा तक्ता इथल्यापेक्षा फारच चांगला आहे." मी म्हटलं, घर ते घर. इथे सर बुजतात. ती म्हणाली, असतं असं. आणि वहीत काहीतरी लिहिलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

'ओला. छत्री विसरलेला माणूस.' मी अर्थ वाचला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजत होते. तेवढ्यात त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या ओठांवर ठेवला. हलकेच, अख्खा तळवा. तसाच ठेवून डोळे मिटले.

तेवीस वर्षांत असं दिवसाउजेडी कधी केलं नव्हतं त्यांनी. लाजाळू माणूस. लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्यापासून वीतभर लांब उभे आहेत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी त्यांच्या तळव्याचा मुका घेतला आणि हात खाली घेऊन माझ्या हातात धरला. "समजलं मला," म्हटलं. "बोलायची गरज नाही. समजलं."

"बरं," ते म्हणाले. आणि मान वळवून भिंतीकडे बघत बसले. आजारात माणूस हळवं होतं.

नंतर 'वेट' म्हणाले. माझ्याकडे बघून.

६ ऑक्टोबर, रविवार

लेक शनिवारी रात्री आली आणि आज दुपारी भांडून गेली.

आम्ही आयची पुडी घेऊन बसलो होतो. सिट, बिग, विन, लिप. 'ओठ. गुपिताचं झाकण.' सर म्हणाले, लिप. मी खूण केली. लेक सोफ्यावर मोबाइल बघत पडली होती. तिने मोबाइल खाली ठेवला.

"आई, तू सांगतेस त्यांना."

"मी कुठे बोलले?"

"बोलली नाहीस. तोंडाने सांगितलंस. मला इथून कळला शब्द."

"तुला येतो म्हणून कळला."

"मला येतो म्हणून नाही कळला, तुझ्या तोंडावरून कळला. बाबा तुझी नक्कल करताहेत."

मी म्हटलं, तू आठवड्यातून एकदा येणार आणि मला शिकवणार. रोज पाय चेपणं, आंघोळ, खिडकीवरची पाळी, मंगळवार-शुक्रवारची धावपळ, हे तू करतेस का? ती म्हणाली, मी त्याबद्दल बोलतच नाहीये. मी म्हटलं, मग कशाबद्दल बोलतेस? सर आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. "बरं," म्हणाले, जरा मोठ्याने. पुन्हा "बरं, बरं". मी म्हटलं, बघ, त्यांना त्रास होतोय, तू जा.

जाताना तिने त्यांच्या केसांवरून हात फिरवला. मग चपला घातल्या. आठची गाडी होती, तीनलाच निघाली.

एकोणीस वर्षांची आहे. तिला काय कळणार, शांतता किती लांब असते ते.

९ ऑक्टोबर, बुधवार

आयच्या शब्दांना चेहरा आपोआप हसरा होतो. ओठ दोन्हीकडे ताणले जातात. मी 'बिग'चा अर्थ वाचला (मोठा. कुणापेक्षा ते आधी विचारा) आणि सर हसले. हसरा चेहरा घेऊनच 'बिग' म्हणाले. जुलैपासून हा चेहरा मी पाहिला नव्हता. मग मुद्दाम सगळी आयची कार्डं पुन्हा घेतली. प्रत्येकाला ते हसले. मीही हसत होते.

सगळे मिळून एकवीस शब्द झाले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

ओची पुडी. डॉग, पॉट, हॉट, जॉब, बॉक्स. ओठ गोल.

जॉब: काम. मोठे झाल्यावर कळेल.
बॉक्स: खोका. आत काय आहे ते विचारू नये.

थेरपिस्टने तक्ता पाहून विचारलं, "सव्वीस? सगळे स्वतःहून?" मी हो म्हटलं. म्हटलं म्हणजे मान हलवली. ती म्हणाली, "मग तपासणीची काळजीच नको." बाकावर शिंप्याची बायको होती. तिने विचारलं नाही, मीच सांगितलं, आमचे सव्वीस झाले. ती म्हणाली, "वा." आणि पर्समधली चिल्लर उगाच खालीवर करत राहिली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज सर बसेनात. खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली, पाठ माझ्याकडे. मी अर्थ वाचला तरी वळले नाहीत. नुसता खांदा हलत होता, श्वास लागल्यासारखा. गळ्यातून काहीतरी येत होतं, खरखर. वाटलं, ठसका लागला. मी उठून समोर गेले आणि पाणी दिलं. प्यायले नाहीत.

थकले असतील. आज खूण नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

तपासणी झाली.

थेरपिस्ट म्हणाली, "काकू, तुम्ही जरा बाहेर बसा." मी म्हटलं, मी नसले तर ते बावरतील. ती म्हणाली, "वीस मिनिटं." दार लोटलं. पूर्ण लागत नाही ते, बोटभर फट राहते. बाकावरून तिचा आवाज ऐकू येत होता. सरांच्या कार्डांवरचे अर्थ, तिच्या आवाजात. 'टोपी. आधी डोकं लागतं.'

मग शांतता. मी मोजू लागले. दहा झाले, पंधरा झाले. पंचवीस.

'दहा. बोटं इथे संपतात.'

शांतता.

माझं तोंड बाकावर बसून हलत होतं. लोटलेल्या दारासमोर. टेन, टेन, टेन. समोरून सफाईवाली बादली घेऊन गेली आणि वळून बघत राहिली.

वीस कार्डं झाली. एकही शब्द ऐकू आला नाही. शेवटी तिने "थँक यू सर" म्हटलं आणि ते म्हणाले, "बरं."

तिने मला एकटीला आत बोलावलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तपासणीत चेहऱ्यासमोर फाइल धरते. फाइल धरली की ते वाकून तिच्या कडेने बघायचे. मग मी फाइल खाली घेतली आणि नुसता 'हॅट'चा आकार केला. लगेच म्हणाले, हॅट. अगदी हळू, बाहेर ऐकू गेलं नसेल."

"म्हणजे म्हणता येतं त्यांना," मी म्हटलं.

"म्हणता येतं, काकू. पण शब्द शोधला तुमच्या तोंडाने. त्यांनी फक्त उचलला."

"मी आवाज काढला नाही कधी."

"माहीत आहे."

"मग ह्यात नुकसान काय झालं?"

ती जरा थांबली. माझ्यासारखी नाही ती, थांबू शकते. "नुकसान असं नाही. आठ आठवडे झाले, एवढंच. शोधायची सवय ह्या आठ आठवड्यांत लागायला हवी होती." मग टेबलावरचा माझा तक्ता सरळ करत म्हणाली, "स्वतःचे शब्द शून्य धरावे लागतील. मंगळवारी तुम्हाला घरच्या व्यायामाचा कागद देते. त्या वेळेला शिंपीकाका सुरू होतील."

बाहेर सर बाकावर बसले होते, डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून. शिंप्याची बायको शेजारी होती. तिला काही ठाऊक नव्हतं. "तुमचे साहेब गुणी आहेत," म्हणाली. "एवढा वेळ बसले, हूं नाही की चूं नाही."



२६ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी चहा उकळत ठेवला आणि तो हात आठवला. दोन तारखेचा. माझ्या ओठांवर ठेवलेला तळवा आणि मिटलेले डोळे.

त्यांना बघायचं नव्हतं. मी सांगू नये म्हणून माझं तोंड झाकलं, आणि दिसू नये म्हणून स्वतःचे डोळे मिटले. शोधत होते. आणि मी त्या हाताचा मुका घेऊन तो खाली केला. वर म्हटलं, समजलं.

गेल्या शनिवारी खुर्ची फिरवली तेही त्याचसाठी. गळ्यातून येत होता तो ठसका नव्हता. मी पाण्याचा पेला घेऊन समोर जाऊन उभी राहिले, तोंड घेऊन.

चहा उतू गेला. सर दारात येऊन उभे होते, शेगडीकडे बोट दाखवत. "बरं, बरं."

मी त्यांना सांगितलं, माझं चुकलं. सव्वीस खुणा खोट्या होत्या. जागा गेली, ती माझ्यामुळे. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी ऐकून घेतलं. मग फडकं घेऊन डाव्या हाताने ओट्यावरचा चहा पुसू लागले, आणि मला ते फडकं त्यांच्या हातातून घ्यावंसं वाटत होतं. घेतलं नाही. त्यांना पुसायला फार वेळ लागला.

लेकीला फोन केला. म्हटलं, तू सांगत होतीस ते खरं होतं. ती म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

२७ ऑक्टोबर, रविवार

आज मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. माझी खुर्ची भिंतीकडे, त्यांची टेबलाकडे. अर्थ वाचायचा आणि गप्प. ओठ दातांखाली धरून ठेवले.

'दहा. बोटं इथे संपतात.'

मोजले. तीस. चाळीस. भिंतीला रंगाचा पोपडा आलाय, त्याच्याकडे बघत राहिले. साठ. मागे खुर्ची करकरली. श्वास. नव्वदच्या पुढे कुठेतरी आवाज आला, 'ट'सारखा. ट, ट. मग जोरात बाहेर पडलेली हवा. मग काही नाही.

शब्दाची सुरुवात होती की नुसती जिभेची टकटक, मला सांगता येणार नाही. त्याच्यापुढची दोन अक्षरं माझ्या तोंडात तयार होती. गिळली. वळून पाहिलं तेव्हा सर घामाने थबथबले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. टेबलाकडे बघत होते, त्यांच्या स्वतःच्या कार्डाकडे.

तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना. काहीच लिहिलं नाही.

दुसरं कार्ड घ्यायचं धाडस झालं नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

खिडकीवरून घरी येताना शिंप्याची बायको दिसली, दुकानाबाहेर पायरीवर. नवऱ्याचे शर्ट धुऊन वाळत घातले होते, केंद्रात जाण्यासाठी. म्हणाली, "उद्या सुरू. भीती वाटते हो, त्या पोरीला काय काय ऐकवतील." मी म्हटलं, तिला सवय असेल. तिने विचारलं नाही आमचं काय झालं. बहुतेक कळलंय. माझा हात हातात घेतला तिने, आणि मला तिच्याबद्दल चांगलं वाटायला हवं होतं. वाटत होतं ते एवढंच, की दोन आठवडे. शिंप्याने दोनच आठवडे आणखी थांबायला काय हरकत होती.

मग स्वतःची लाज वाटली. तो माणूस जूनपासून तसाच आहे.

तरी रात्री टेबलाशी बसून थेरपिस्टला चिठ्ठी लिहिली. सगळे जुने तक्ते काढले आणि 'स्वतःहून'मधल्या सव्वीस खुणांवर एकेक रेघ मारून त्या 'मदतीने'मध्ये लिहिल्या. ते सोबत जोडले. सर समोर बसून बघत होते. मी त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली. ते काही म्हणाले नाहीत, 'बरं'सुद्धा नाही.

ती नाही म्हणेल. नियम आहे, यादी आहे, शिंप्याचे शर्ट वाळलेत. तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं, आणि तिचं पुरतं बोलून व्हायच्या आत. चिठ्ठी इथे उतरवून ठेवते.

"खाडाखोड केलेले तक्ते सोबत आहेत. ते मी भरले होते, सरांची त्यात काही चूक नाही. ए, ई, आय आणि ओ ह्या चार स्वरांचे शब्द आता माझ्यामुळे वाया गेले आहेत, हे मी मान्य करते. यूची पुडी राहिली आहे. त्यात कोणते शब्द आहेत आणि मागे सरांनी काय अर्थ लिहिले आहेत, मला माहीत नाही, त्यामुळे माझ्या तोंडावरून ते कुणाला वाचता येणार नाहीत. पुडी रबरासकट तुमच्याकडे पाठवत आहे. शिंपीकाकांचे वार त्यांना द्यावेत. त्यांची वेळ संपल्यावर, तुम्ही घरी निघायच्या आधी, पंधरा मिनिटं, दोन आठवडे, सरांना एकट्याला बसू द्यावं. मी त्यांना फाटकाशी सोडून जाईन आणि फाटकाशीच घ्यायला येईन. आत काय झालं, ते मी विचारणार नाही."